करप्याचे चार लाख फोटो आणि एक जीपीयू: कुठली डिस्क घ्यावी?

समजा, रावेर-यावलच्या केळीबागांतून करप्याचे चार लाख फोटो जमलेत, एकेक साधारण १२० केबीचा. म्हणजे ४८ जीबी. जळगावात एका सर्व्हरवर प्रॉक्समॉक्स (एकाच सर्व्हरचे अनेक संगणक करून चालवणारी प्रणाली), त्यात चार व्हर्च्युअल मशीन, म्हणजे असे आभासी संगणक, आणि एकीला जीपीयू (मॉडेल शिकवायचं जड गणित करणारं कार्ड). फोटोवरून रोग ओळखणाऱ्या मॉडेलचं ट्रेनिंग लावलं की जीपीयू निम्मा वेळ रिकामा बसतो, बहुधा डिस्कवरून फोटो वेळेवर पोचत नाहीत म्हणून. (सीपीयू १०० टक्क्यांवर असेल तर दोष बहुधा जेपीईजी फोटो उलगडण्याचा, डिस्क बदलून काही होणार नाही.)

एनएएसवरून (नेटवर्कवरचं साठवणीचं खोकं) एनएफएसने, म्हणजे नेटवर्कवरून फाइली वाटून, डेटा घेतला तर सगळ्यांना एकच डेटा दिसतो, बॅकअपही सोपा. पण गिगाबिट नेटवर्क सेकंदाला ११० एमबीच्या आसपास अडतं, म्हणजे फार तर नऊशे फोटो. आत ७२०० आरपीएमची हार्ड डिस्क असेल तर विस्कळीत क्रमाने सेकंदाला शे-दीडशेच फाइली येतात. मग एका फेरीला (सगळे फोटो एकदा वाचायला) पाऊण तास ते तासाहून थोडा जास्त धरा. एनएएस साठवणीला ठेवावा, ट्रेनिंगला नाही.

सर्व्हरमधल्याच एनव्हीएमईवर (वेगवान एसएसडी) फाइलीसारखी बनवलेली व्हर्च्युअल डिस्क, हा माझा कौल. खोक्यावरच्या सेकंदाला ३,५०० एमबीवर भाळू नका, तो आकडा मोठ्या सलग फाइलींचा. फरक पाडते ती जोडणी: जुनी आयडीई सोडून व्हर्च्युअल मशीनसाठीच बनवलेली व्हर्टआयओ निवडा, आयओ थ्रेड (डिस्कच्या कामाला वेगळा धागा) चालू करा, कॅश ‘नन’ ठेवा, नाहीतर तेच फोटो होस्टच्याही (मूळ सर्व्हरच्या) रॅममध्ये आणि गेस्टच्याही (व्हर्च्युअल मशीनच्या). व्हर्च्युअल डिस्क रॉ प्रकारात ठेवावी की क्यूकाऊ२ यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. ट्रेनिंगमध्ये मुख्यतः वाचनच असतं, म्हणून स्नॅपशॉट (डिस्कची त्या क्षणाची, परत जाता येईल अशी नोंद) हवे असतील तर खुशाल क्यूकाऊ२ घ्या.

पासथ्रू, म्हणजे डिस्क थेट एका व्हर्च्युअल मशीनच्या हवाली करणं, सगळ्यात वेगवान, पण अख्खी एनव्हीएमई एकाच मशीनची होते. त्या डिस्कचे प्रॉक्समॉक्सचे स्नॅपशॉट गेले; चालू मशीन दुसऱ्या सर्व्हरवर हलवणं तर जीपीयू थेट जोडला तेव्हाच गेलेलं असतं. एकटाच वापरणारा असेल तर ठीक. तीन विद्यार्थी आळीपाळीने बसणार असतील तर नको, भो.

खरेदीआधी दोन फुकटातल्या गोष्टी करून बघा. फोटो काहीशे एमबीच्या टार फाइलींत (अनेक फाइलींचं एकच गाठोडं) बांधले की हार्ड डिस्कही सलग वाचते. आणि त्या मशीनला ६४ जीबी रॅम देता आली, तर पहिल्या फेरीनंतर बहुतेक फोटो रॅममधूनच येतील. एफआयओने (डिस्कचा वेग मोजणारं साधन) वेग मोजताना मात्र डायरेक्ट मोड लावा, नाहीतर डिस्कऐवजी रॅमच मोजली जाईल.

एनव्हीएमई घेतलीच तर हीटसिंकसकट घ्या. भुसावळ-जळगावच्या मे महिन्यात ती तापली की स्वतःच वेग उतरवते. आणि यूपीएस नसेल तर ‘राइटबॅक’ कॅशला (लिहिलेलं आधी रॅममध्ये ठेवून मागाहून डिस्कवर टाकणारी) हात लावू नका.