बंड्याचा फाटका कान आणि माझे साडेएकतीस हजार

माहेरी मंगळवार पेठेत आणि नंतर सासरी, घरात कुत्रं नाही असं वर्ष मला आठवत नाही. बंड्या पाचवा. आधीच्या चौघांना मीच शिकवलं, हात न उगारता. भाकरीचा तुकडा नाकावरून डोक्याच्या मागे हळूच न्यायचा; मान वर जाते, बूड आपोआप खाली टेकतं. टेकलं की त्याच क्षणी तुकडा तोंडात. पट्टा ओढला तर आपण खांबासारखं उभं राहायचं, सैल सोडला की चालायचं. पाच-पाच मिनिटं, दिवसातून तीनदा. म्हणूनच जो तो विचारतो, "तुम्ही कशा काय फसलासा?"

गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि माझा नाइलाज झाला. बंड्या दोन वर्षांचा लॅब्राडॉर, 34 किलोचा. रंकाळ्यावर कणसाची गाडी दिसली की असा ओढायचा, की टाके काढल्यावर महिनाभरात मी तिथंच पडता पडता वाचले. व्हॉट्सअॅपवर एका ट्रेनरची जाहिरात आली होती, त्याला फोन केला. आता आठवतं, पहिली वीस मिनिटं मीच बोलत होते. मारलेलं चालणार नाही, ओरडलेलं चालणार नाही, खाऊ देऊनच शिकवायचं. शेवटी तो म्हणाला, "काकी, आमच्यात मारणंच नाही. प्रेमानं अन् खाऊनं." माझंच वाक्य मला परत मिळालं आणि मी हुरळले.

45 दिवस त्याच्याकडं ठेवायचं, 28,000 रुपये. नंतर 'स्पेशल खाणं' म्हणून आणखी 3,500. पावती नाही, कागद नाही. पैसे गेले ते भलत्याच नावाच्या खात्यावर, विचारलं तर "मेव्हण्याचं आहे काकी." आणि पहिले 21 दिवस भेटायला यायचं नाही, "कुत्रं मालकाला बघून बिघडतं." हे ऐकूनही मी गप्प बसले, याचा आजही राग येतो. शिकवणं उघड्यावर दाखवण्यासारखं असेल तर मालकाला का लपवायचं?

दर दोन दिवसांनी व्हिडिओ यायचा. बदामी रंगाचा लॅब्राडॉर ऐटीत बसलाय, हात देतोय. मी सगळ्या नातेवाइकांना पाठवायची. पुतण्यानं मात्र एक व्हिडिओ थांबवून मोठा केला. "काकी, बंड्याचा डावा कान फाटलाय न्हवं?" पिल्लू असताना गल्लीतल्या भांडणात त्याच्या कानाचा चतकोर गेलेला. व्हिडिओतल्या कुत्र्याचे दोन्ही कान धड.

त्याच दुपारी न सांगता गेलो. पन्हाळा रोडच्या आत पत्र्याचं शेड, नऊ कुत्री आखूड साखळीला. बंड्यानं मला बघितलं आणि उठला नाही. शेपटी फक्त जमिनीवर हलली. गळ्यात काळा पट्टा, त्यावर काडेपेटीएवढी डबी. काढल्यावर आत दोन धातूच्या बोंड्या निघाल्या आणि त्यांच्या जागी कातडीवर दोन ओल्या जखमा. शॉकचा पट्टा तो. रिमोटचं बटण दाबलं की आधी 'टिट' वाजतं, मग झटका. तास न् तास तसाच घट्ट ठेवला, की बोंड्या कातडीत रुततात, असं डॉक्टरांनी सांगितलं.

ट्रेनर म्हणाला, "जरा करंट लागतोच की काकी, त्याशिवाय ऐकतंय व्हय?" दुसऱ्या दिवसापासून फोन बंद. पोलिसांत अर्ज दिलाय, पैसे आलेले नाहीत. वकिलांनी प्राण्यांच्या छळाविरुद्धचा 1960 चा कायदा काढून दाखवला. त्यातल्या अकराव्या कलमात पहिल्या गुन्ह्याला दंड 10 ते 50 रुपये. रंकाळ्यावर भेळ खायची म्हटली तरी तेवढे लागतात.

कुत्रं कुणाकडं शिकायला द्यायचंच असेल तर "कसं शिकवता?" असं विचारू नका, त्याला सगळे गोडच बोलतात. "कुत्रं चुकलं तर काय करता?" असं विचारा, आणि स्वतः काही सांगायच्या आधी विचारा. एक तास तिथं बसून बघू द्या म्हणावं. नाही म्हणाला तर पट्टा धरून घरी या.

घरी आता मायक्रोवेव्ह 'टिट' करतो म्हणून बंदच ठेवलाय. पहिले पंधरा दिवस तो आवाज झाला की बंड्या कॉटखाली जायचा. मी जमिनीवर बसू शकत नाही, म्हणून पुतण्या आडवा पडून त्याला भाकरीचे तुकडे द्यायचा. आता निम्मा बाहेर येतो.

गेल्या आठवड्यात भिशीच्या ग्रुपवर एक जाहिरात फिरत आली. नंबर नवा, नाव नवं, "प्रेमानं ट्रेनिंग". व्हिडिओत बदामी लॅब्राडॉर ताठ बसलेला, कान मागे चिकटलेले, सारखा ओठ चाटतोय, नजर ट्रेनरच्या हातावर. यावेळी मी स्वतःच मोठा करून बघितला. डाव्या कानाचा चतकोर नव्हता.