तळघराच्या छताला रॉकवूल आणि डबल जिप्सम: पैसे वसूल, पण हँगर बघून

साताऱ्यात उतारावरच्या बंगल्यांना खालची खोली असतेच, आणि वर कुणी खुर्ची ओढली की ती खाली ऐकू येतेच. यावर थर्माकोल किंवा नुसता फोम चिकटवणं म्हणजे पैसे पाण्यात. फोमने खोलीतला घुमारा कमी होतो, वरचा आवाज नाही.

काम देतं ते रॉकवूल, म्हणजे दगडाच्या तंतूंची शीट: ५० मिमी जाड, ४८ घनतेचं (घनमीटरला ४८ किलो). १० बाय १२ फुटांच्या खोलीला १ मीटर बाय ६० सेंमीच्या १९ शीट लागतात, २० घ्या. खाली १२.५ मिमी जिप्सम बोर्डाचे दोन थर, सांध्यावर सांधा न आणता. नुसत्या बोर्डांचंच वजन २०० किलोच्या आसपास जातं, तेव्हा स्लॅबमध्ये लाकडी गुट्ट्या नकोत, अँकर फास्टनरच (भोकात फुगून घट्ट बसणारे बोल्ट).

खरी मेख हँगरमध्ये, म्हणजे छताचा सांगाडा स्लॅबला टांगणाऱ्या तुकड्यात. साधा लोखंडी हँगर स्लॅबचा हादरा सरळ बोर्डात उतरवतो, रबरवाला मागा. बोर्ड आणि भिंतीमधली कडेची ५ मिमी फट अकूस्टिक सीलंटने (लवचिक राहणाऱ्या लुकणाने) भरायची. कारागीर तिथे पीओपी थापतात, ते तडकतं. एलईडीसाठी भोकं पाडली की केलं-सवरलं गेलं. स्लॅबला ओल असेल तर आधी गळती काढा. भिजलेलं रॉकवूल निकामी.

बोलणं, टीव्ही बऱ्यापैकी दबतं. खलबत्त्याचा ठोका मात्र थोडा उरतो. त्याला वरच ओट्यावर जाड रबर मॅट.