तीन फासे, दोन कार्डं आणि ‘सांगली हळद’चा येणारा हंगाम : स्ट्रॅट-ओ-मॅटिक बेसबॉलचं परीक्षण

घरच्या घरी बेसबॉलची काल्पनिक लीग चालवायची असेल, तर कॉम्प्युटर गेमच्या आधी स्ट्रॅट-ओ-मॅटिक या फासे-कार्डांच्या बैठ्या खेळाचा डबा घ्यावा. या खेळात कोणताही आकडा पडद्याआड राहत नाही. कोणता बॅटर किती वेळा होमरन (चेंडू थेट मैदानाबाहेर) मारणार, हे त्याच्या कार्डावर बोट ठेवून मोजता येतं. म्हणून हंगामाचा अंदाज लिहायला याच्यासारखं साधन नाही.

परीक्षणासाठी सहा संघांची लीग धरू: सांगली हळद, मिरज सतार, तासगाव बेदाणे, कराड संगम, सातारा कंदी आणि वाई घाट. संघही काल्पनिक, खेळाडूही. प्रत्येकाचे उरलेल्या पाचांशी सहा-सहा सामने, म्हणजे संघाला ३० आणि लीगला ९०. हात बसल्यावर एक सामना अर्ध्या-पाऊण तासात संपतो. पावसाळाभर शनिवार-रविवार बसलात तर लीग आरामात पुरी होते.

हॅल रिचमन यांनी हा खेळ १९६१ साली बाजारात आणला. १९८१ मध्ये अमेरिकेत खेळाडूंचा संप झाला आणि ऑल-स्टार सामना (निवडक खेळाडूंचा वार्षिक सामना) ठरल्या दिवशी होऊ शकला नाही. तेव्हा क्लीव्हलँडच्या स्टेडियममध्ये याच खेळाचे फासे टाकून तो सामना खेळला गेला.

खेळण्याची रीत सोपी. एक पांढरा फासा आणि दोन रंगीत फासे एकदम टाकायचे. पांढऱ्यावर १, २ किंवा ३ आला तर बॅटरच्या कार्डावरचा त्या नंबरचा कॉलम बघायचा; ४, ५ किंवा ६ आला तर पिचरच्या (चेंडू टाकणाऱ्याच्या) कार्डावरचा. रंगीत फाशांची बेरीज २ ते १२, त्या ओळीत निकाल लिहिलेला. एकूण शक्यता २१६, त्यातल्या १०८ बॅटरच्या आणि १०८ पिचरच्या. बेरीज ७ यायला सहा वाटा आहेत, ६ किंवा ८ यायला पाच-पाच, आणि २ किंवा १२ यायला एकच. काही ओळींत निकाल विभागलेला असतो. तिथे वीस बाजूंचा फासा टाकायचा.

डब्यातली कार्डं खऱ्या अमेरिकी खेळाडूंची आहेत. काल्पनिक संघासाठी कार्डं आपणच करावी लागतात, आणि पहिली लीग बिघडते ती इथेच. समजा लीगमधला सरासरी बॅटर १००० वेळा खेळायला आला तर ३२० वेळा बेसवर (धावताना गाठायच्या टप्प्यावर) पोचतो, आणि हळदचा पहिल्या नंबरचा बॅटर ३५० वेळा पोचायला हवा आहे. नवखा माणूस १०८ चे ३५ टक्के काढतो आणि कार्डावर ३८ वाटा भरतो. हंगामाच्या शेवटी तो बॅटर ३५० ऐवजी ३३५ च्या आसपास राहतो, आणि दोष फाशांना दिला जातो. फाशांचा यात काही दोष नाही. निम्म्या वेळा निकाल पिचरच्या कार्डावरून येतो आणि तिथे सरासरी ३२० चीच आहे. म्हणून सरासरीपेक्षा जेवढा फरक हवा, त्याच्या दुप्पट फरक कार्डावर ठेवायचा. ३५० हवे असतील तर कार्ड ३८० चं करायचं, म्हणजे ४१ वाटा.

हळदच्या चौथ्या नंबरच्या बॅटरचं कार्डच बघा. लीगची होमरनची सरासरी ३ टक्के, याच्याकडून हव्यात ५, म्हणजे कार्डावर ७ टक्के: १०८ पैकी ७.५६ वाटा. पहिल्या कॉलममध्ये ६ समोर ‘होमरन’ लिहिलं की पाच वाटा झाल्या. दुसऱ्या कॉलममध्ये ३ समोर लिहिलं की आणखी दोन. तिसऱ्या कॉलममध्ये १२ समोर एक वाट उरते, तिथे ‘होमरन १–११, डबल (दोन बेसचा फटका) १२–२०’ असं विभागायचं. बेरीज ७.५५. याहून नेमकं करायची गरज नाही. मात्र प्रत्येक कॉलमची बेरीज ३६ भरते का, हे पेन्सिलीने मोजूनच कार्ड पक्कं करावं. एखादी ओळ कोरी राहिली तर ती ऐन सामन्यात सापडते आणि भांडण होतं.

पिचरच्या कार्डात आणखी एक खाच आहे. त्याच्या १०८ वाटांपैकी ३० वाटा क्षेत्ररक्षकांच्या असतात: शॉर्टस्टॉपच्या (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधल्या क्षेत्ररक्षकाच्या) ७, सेकंड बेसमनच्या ६, थर्ड बेस, कॅचर (बॅटरच्या मागे चेंडू झेलणारा) आणि सेंटर फील्ड यांच्या ३-३, आणि फर्स्ट बेस, लेफ्ट फील्ड, राइट फील्ड व खुद्द पिचर यांच्या २-२. या वाटांवर हिट (बॅटर फटका मारून बेसवर पोचला) की आउट, हे त्या क्षेत्ररक्षकाच्या दर्जावर ठरतं. १ सर्वात चांगला. आकडा वाढेल तसा हात कच्चा. त्या ३० वाटांवर सरासरी क्षेत्ररक्षकांकडून जेवढे हिट जातील तेवढे आधी वजा करावेत आणि मगच उरलेल्या ७८ मध्ये पिचरचे हिट व वॉक (चार खराब चेंडूंमुळे बॅटरला फुकट मिळणारा बेस) भरावेत. ही पायरी सोडून सगळं कार्ड पिचरच्याच नावावर भरलं, तर चपळ शॉर्टस्टॉपला संघात काही किंमत राहत नाही. मग सगळे नुसते फटके मारणारे गोळा करतात आणि लीगची मजाच जाते.

आता हळदचा संघ. शॉर्टस्टॉप १ दर्जाचा, लीगमधला सर्वोत्तम. सेकंड बेसमन बॅटिंगला जोरदार, पण फील्डिंगला ४ दर्जाचा. प्रतिस्पर्धी सामन्यात साधारण ३८ वेळा बॅटिंगला येतात असं धरलं, तर ३० सामन्यांत ११४० वेळा. त्यातल्या २१६ मागे ६, म्हणजे सुमारे ३२ चेंडू सेकंड बेसमनकडे येणार. सरासरी खेळाडूच्या तुलनेत त्यातला दर चौथा चेंडू जादा हिट ठरला, तर हिट वाढल्या ८ आणि रन गेले सहाएक. दहा रनांमागे एक विजय, या ढोबळ हिशेबाने तो संघाचा अर्ध्याहून जास्त विजय घालवतो. त्याची बॅट तेवढं भरून काढते, त्यामुळे त्याला बसवायचं कारण नाही. पण सातव्या इनिंगनंतर आघाडी असेल तर त्याच्या जागी फील्डिंगवाला आणावा. शॉर्टस्टॉपकडे याच हिशेबाने ३७ चेंडू येतात. त्याला मात्र एकाही सामन्यात विश्रांती देऊ नये.

खरी काळजी कॅचरची आहे. बेस चोरणाऱ्याला, म्हणजे पिच पडताना पुढच्या बेसकडे पळणाऱ्याला, कॅचर चेंडू फेकून बाद करतो; त्याच्या हाताचा आकडा उणे असेल तर चांगला, अधिक असेल तर वाईट. हळदच्या कॅचरचा +२ आहे. कराडकडे बेस चोरणारे ‘एए’ या सर्वात वरच्या दर्जाचे तीन गडी आहेत. सहा सामने त्यांच्याशीच आहेत, आणि हे सहा हळदला जड जाणार.

पिचिंगमध्ये पहिले दोघे भक्कम, तिसरा पाच इनिंगचा. कार्डावर स्टार्टरच्या (सामना सुरू करणाऱ्या पिचरच्या) नावापुढे कंसात आकडा असतो. त्या इनिंगपासून पिचर हिट किंवा वॉक देऊ लागला की थकतो, आणि थकल्यावर त्याच्या कार्डावरचे काही आउट सिंगल (एका बेसचे हिट) होतात. पाच पिचरांची पाळी लावली तर ३० सामन्यांत प्रत्येकाच्या वाट्याला सहा सुरुवाती येतात. घरगुती लीगमध्ये सगळ्यात जास्त वशिला लागतो तो इथेच: पहिला पिचर तिसऱ्याच दिवशी पुन्हा उभा राहतो. त्यावर उपाय म्हणजे भिंतीवरच्या कॅलेंडरात कोण कधी पिच झाला आणि किती इनिंग टाकल्या, हे सामना संपताच लिहिणं. दुसऱ्या दिवशी लिहू म्हटलं की विसरतं.

मैदानाचे आकडे ठरवताना साताऱ्याचं डेन्व्हर (अमेरिकेतलं उंचावरचं शहर) करू नका. डेन्व्हर सुमारे १६०० मीटर उंचीवर आहे, तिथल्या विरळ हवेत चेंडू लांब जातो. सातारा ७४० मीटरच्या आसपास, सांगली ५५० च्या. मैदानावर अवलंबून असलेल्या होमरनचा आकडा (वीस बाजूंच्या फाशावर तेवढा किंवा कमी आला तर होमरन) सांगलीला ९ ठेवला तर साताऱ्याला १० किंवा फार तर ११. जास्त दिला तर कंदीचे सगळेच बॅटर राक्षस होतात आणि त्यांच्या पिचरांचा बळी जातो.

एवढं मांडून झालं की हंगामाचा आकडा काढता येतो. हळदचे रन १४५ आणि दिलेले रन १३५ धरू. बेसबॉलचे आकडेतज्ज्ञ बिल जेम्स यांच्या सूत्राने रनांचा वर्ग भागिले दोन्ही वर्गांची बेरीज: २१०२५ भागिले ३९२५०, म्हणजे ०.५३६. तीस सामन्यांत १६ विजय. पण १६ हा एकच आकडा छापू नका. ३० सामन्यांत नुसत्या फाशांच्या लहरीने अडीच-तीन विजय इकडचे तिकडे होतात. १३ ते १९ असं लिहा आणि १९ कशाने होतील, १३ कशाने, ते खाली द्या. चौथ्या नंबरच्या बॅटरचंही तसंच. १२६ वेळा बॅटिंग आणि ५ टक्के, म्हणजे सहा होमरन. पण चार आल्या तरी त्याचं कार्ड चुकलं असं होत नाही.

सामानाबद्दल. डबा परदेशातून मागवला तर पोस्टखर्च आणि कस्टम ड्यूटी धरून हिशेब करा. नियमपुस्तक इंग्रजीत आहे आणि तक्त्यांची अक्षरं बारीक. तक्ते मोठे करून झेरॉक्स काढले की निभावतं. कार्डाच्या पुढच्या बाजूला साधा खेळ आणि मागे डाव्या-उजव्या पिचरचा वेगळा हिशेब असतो. पहिले दहा सामने साध्या बाजूनेच खेळा. वीस बाजूंचा फासा हरवला तर हाऊजीच्या १ ते २० च्या सोंगट्या पिशवीत घाला; काढलेली सोंगटी प्रत्येक वेळी परत टाकायची, नाहीतर शक्यता बदलते. जत्रेतला गोल कोपऱ्यांचा फासा वापरण्याआधी १२० वेळा टाकून बघा. प्रत्येक आकडा २० च्या आसपास यावा. एखादा ३१ च्या पुढे गेला तर तो फासा बाजूला ठेवा.

स्वतःची कार्डं जाड कागदावर, ए-४ चे चार भाग करून छापावीत. जुलैच्या ओल्या हवेत पातळ कागद वाकतो, मग कार्डं एकमेकांवर बसत नाहीत. लॅमिनेशन मात्र लीगच्या मध्यावर करा, कारण पहिल्या पंधरा सामन्यांत चार-सहा कार्डं दुरुस्त करावी लागतातच.

हळदची सलामी कराडशी आहे. पहिला पिचर त्याच दिवशी उभा करा, कॅचरच्या जागी बाकावरचा -१ हाताचा राखीव घ्या आणि त्याला नवव्या नंबरला बॅटिंग द्या. बॅटिंगमध्ये थोडं कमी पडेल, पण कराडचे तिघे पहिल्या बेसवर जखडून राहतील.