वजनाचं इंजेक्शन स्वतःच्या खिशातून: वेगोव्ही, माउंजारो, देशी सेमाग्लुटाइड की शस्त्रक्रिया?

भारतात वजन कमी करण्याचं इंजेक्शन घेणारा जवळपास प्रत्येक जण ते स्वतःच्या पैशांनी घेतो. आपल्या मेडिक्लेम पॉलिसी मुळात दवाखान्यात भरती झाल्यावर कामी येणाऱ्या. आठवड्यातून एकदा घरी टोचायच्या औषधाचं बिल त्यात सहसा बसत नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनाही भरती होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे. म्हणून "विमा नाही, मग हे परवडणार कसं?" हा प्रश्न इथे पाच लाखांची पॉलिसी असलेल्यालाही तितकाच लागू पडतो.

पर्यायांकडे वळण्याआधी एक गोष्ट पक्की करा. मेडिकलमध्ये किंवा जाहिरातीत जी किंमत आधी सांगितली जाते, ती सुरुवातीच्या डोसची असते. वेगोव्ही 0.25 मिग्रॅपासून सुरू होते आणि दर चार आठवड्यांनी वाढत 2.4 पर्यंत जाते. माउंजारो 2.5 मिग्रॅपासून सुरू होते, महिन्याने 5 होते आणि गरज पडली तर 15 पर्यंत. सुरुवातीचा डोस शरीराला सवय लागावी म्हणून असतो, त्यावर फारसं वजन उतरत नाही. तेव्हा हिशेब करायचा तो ज्या डोसवर तुम्ही थांबणार आहात त्याचा, आणि तोही किमान दोन वर्षांचा. का, ते पुढे येईलच.

वेगोव्ही आणि माउंजारो

माउंजारो (औषध टिर्झेपेटाइड) मार्च 2025 मध्ये भारतात आली, वेगोव्ही (औषध सेमाग्लुटाइड) त्याच वर्षी जूनमध्ये. वेगोव्हीचा पहिला दर महिन्याला 17,345 रुपयांपासून पुढे होता. नोव्हेंबर 2025 मध्ये कंपनीने तो उतरवला: 0.25 मिग्रॅचा महिना 10,850 रुपयांना आणि 2.4 मिग्रॅचा 16,400 रुपयांना. औषधांवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आल्यानंतर माउंजारोचा 2.5 मिग्रॅचा महिना साधारण 13,100 रुपये, 5 मिग्रॅचा 16,400, 7.5 आणि 10 चा 20,600 आणि 12.5 व 15 चा 25,800 रुपयांच्या आसपास आला.

आता 2025 च्या अखेरचे हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. वेगोव्हीचा सर्वांत मोठा डोस 16,400 रुपये. माउंजारोचा 5 मिग्रॅ डोसही 16,400 रुपये. वेगोव्हीच्या मुख्य चाचणीत 2.4 मिग्रॅवर 68 आठवड्यांत सरासरी 14.9 टक्के वजन उतरलं. माउंजारोच्या मुख्य चाचणीत 5 मिग्रॅवर 72 आठवड्यांत सरासरी 15 टक्के. चाचण्या वेगळ्या, त्यातली माणसं वेगळी, त्यामुळे काटेकोर तुलना म्हणून हे घेऊ नका. तरी पैशांचं गणित यातून स्वच्छ दिसतं: त्या दराने दरमहा साडेसोळा हजारांत दोन्हींकडून मिळणारा लाभ जवळपास सारखाच होता.

मग "माउंजारो जास्त ताकदीची" हे कुठून आलं? तेही खरंच आहे. 2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या थेट तुलनेत टिर्झेपेटाइड घेणाऱ्यांचं वजन 72 आठवड्यांत सरासरी 20.2 टक्के आणि सेमाग्लुटाइड घेणाऱ्यांचं 13.7 टक्के उतरलं. पण तिथे टिर्झेपेटाइडचा डोस 10 किंवा 15 मिग्रॅ होता. म्हणजे तो जास्तीचा फायदा हवा तर महिन्याला वीस ते सव्वीस हजार मोजायची तयारी हवी. वर्षाचे अडीच ते तीन लाख. ज्याला तेवढं झेपत नाही, त्याने "जास्त ताकदीची" या शब्दांवर निर्णय घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. खालच्या डोसवर छान उतरत असेल तर तिथेच थांबता येतं, आणि ते डॉक्टरांना आवर्जून विचारावं. डोस वाढवलाच पाहिजे असा नियम नाही.

पैसे जवळपास सारखे असतील तर निवड तब्येतीवर ठरते. आधीच हृदयविकार झालेला असेल तर माझा कल सेमाग्लुटाइडकडे राहील. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, मधुमेह नसलेल्या 17,604 हृदयरुग्णांच्या चाचणीत या औषधाने हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि हृदयविकाराने मृत्यू यांचं एकत्रित प्रमाण 20 टक्क्यांनी घटलं होतं. झोपेत श्वास अडकण्याचा त्रास असेल तर टिर्झेपेटाइडच्या चाचणीचे निकाल चांगले आहेत. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांनी लक्षात ठेवायचं की टिर्झेपेटाइड सुरू केल्यावर आणि दर वेळी डोस वाढवल्यावर चार आठवडे त्या गोळीवर विसंबता येत नाही. गरोदरपणात दोन्ही औषधं चालत नाहीत, आणि घरात कुणाला थायरॉइडचा मेड्युलरी प्रकारचा कर्करोग झालेला असेल तर ती घेऊच नयेत.

माउंजारो व्हायलमध्येही (छोट्या बाटलीत) मिळते आणि चार डोसच्या पेनमध्येही. व्हायल एकेक विकत घेता येते, त्यामुळे पहिल्याच आठवड्यात उलट्यांनी हैराण झालेल्याचे पुढच्या तीन डोसचे पैसे वाचतात. सिरिंजने औषध ओढणं जमणार नसेल, हात थरथरत असतील, तर पेन बरं.

याच औषधांचे दुसरे ब्रँडही आले आहेत. सिप्लाची युरपीक म्हणजे माउंजारोतलंच टिर्झेपेटाइड, पुण्याच्या एमक्युअरची पोविझ्ट्रा म्हणजे वेगोव्हीतलंच सेमाग्लुटाइड, मूळ कंपन्यांशी करार करून आणलेलं. छोट्या गावांत हे ब्रँड लवकर मिळण्याची शक्यता जास्त. जिथे मिळेल तिथे दर विचारून घ्या.

देशी सेमाग्लुटाइड

मार्च 2026 मध्ये सेमाग्लुटाइडचं भारतातलं पेटंट संपलं आणि डॉ. रेड्डीज, सन फार्मा, झायडस अशा कंपन्यांना आपापलं देशी सेमाग्लुटाइड काढायला रस्ता मोकळा झाला. टिर्झेपेटाइडचं पेटंट मात्र अजून बरीच वर्षं चालणार आहे. खिशाकडे पाहून निर्णय घेणाऱ्यासाठी या दोन औषधांत यापुढे हाच सर्वांत मोठा फरक: एकात स्पर्धा आहे, दुसऱ्यात नाही. ज्याला वर्षानुवर्षं घ्यायची वेळ येऊ शकते, त्याने ज्या औषधाचा दर खाली येत जाणार आहे तिकडे झुकावं. सरासरी सहा-साडेसहा टक्के जास्त वजन उतरवणाऱ्या महागड्या औषधापेक्षा न थांबवता घेता येणारं औषध मला मोलाचं वाटतं.

देशी ब्रँडचा दर विचारताना नुसतं "महिन्याला किती?" असं विचारू नका. कुठल्या मिग्रॅचा दर आहे, ते विचारा. 2.4 मिग्रॅपर्यंत तो ब्रँड मिळतो का, की 1 मिग्रॅवरच थांबतो? मान्यता मधुमेहासाठी आहे की वजनासाठीही? पेन आहे की व्हायल, सुया त्यात आहेत की वेगळ्या? ओझेम्पिकचं उदाहरण घ्या. तीही सेमाग्लुटाइडच. डिसेंबर 2025 मध्ये ती भारतात आली तेव्हा 0.25 मिग्रॅचा महिना 8,800 रुपये आणि 1 मिग्रॅचा 11,175 रुपये होता, म्हणजे वेगोव्हीपेक्षा स्वस्त. पण ती मधुमेहासाठी आहे आणि 1 मिग्रॅपर्यंतच जाते. मधुमेह असेल तर उत्तम. नुसत्या वजनासाठी घेणाऱ्याला पुढे डोस कमी पडू शकतो.

पावतीशिवाय, डबा उघडून सुटं दिलेलं, "जिममधल्या ओळखीने" मिळालेलं पेन कितीही स्वस्त असलं तरी घेऊ नका. जून 2024 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बनावट ओझेम्पिकबद्दल इशारा दिला होता. बॅच नंबर, मुदत आणि थंड साखळी (कंपनीपासून दुकानापर्यंत औषध थंडच राहिलं का) हे तिन्ही बघूनच पैसे द्या.

कमी पैशांतले पर्याय

ग्लेनमार्कची लिराफिट (औषध लिराग्लुटाइड) जानेवारी 2024 मध्ये आली, 1.2 मिग्रॅच्या डोसला दिवसाला साधारण शंभर रुपये. ऐकायला महिन्याचे तीन हजार. पण वजनासाठी लिराग्लुटाइडचा अभ्यास झालेला डोस 3 मिग्रॅ आहे, म्हणजे त्याच हिशेबाने महिन्याला साडेसात हजार. वर सुई रोज. मुख्य चाचणीत उतरलेलं वजन 56 आठवड्यांत सरासरी 8 टक्के. लिराफिटची मान्यता मधुमेहासाठी आहे, त्यामुळे शुगर असलेल्या आणि थोडं वजन उतरलं तरी चालेल अशा माणसाला ती योग्य. इतरांनी तेवढे पैसे देशी सेमाग्लुटाइडकडे वळवावेत.

ऑर्लिस्टॅट जुनी गोळी. तळलेलं-तुपातलं खाल्लं की तेलकट जुलाब होतात आणि फायदा नुसत्या आहाराच्या तुलनेत साधारण तीन टक्क्यांचा. मी तिच्यावर पैसे घालायला सांगणार नाही.

मधुमेह असेल आणि महिन्याला हजार रुपयेही काढणं जड असेल, तर मेटफॉर्मिनसोबत डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिनचा विचार डॉक्टरांकडे काढा. दोन्हींची पेटंटं संपली आहेत, देशी गोळ्या खूप स्वस्त झाल्या आहेत. वजन दोन-तीन किलोच उतरेल, पण शुगर, मूत्रपिंड आणि हृदय यांना आधार मिळेल. हा पर्याय दुय्यम समजू नका.

आणि अमेरिकेतल्या मुलाकडून किंवा भाचीकडून मागवणं? वेगोव्ही तिथे 2021 मध्ये 1,349 डॉलर महिना या दराने आली. रोखीने घेणाऱ्यांना आता बरीच स्वस्त मिळते, तरी इथल्या दराहून स्वस्त नाही, आणि बॅगेतून अठ्ठावीस-तीस तास औषध थंड ठेवायची काळजी वेगळी.

शस्त्रक्रिया: विमा इथे उपयोगी पडतो

ज्यांचं वजन खूप जास्त आहे त्यांनी हा भाग टाळू नये. आपली पॉलिसी इंजेक्शनला पैसे देत नाही, पण बॅरिअ‍ॅट्रिक शस्त्रक्रियेला, म्हणजे पोट लहान करून वजन उतरवण्याच्या ऑपरेशनला, देऊ शकते. विमा नियामकाच्या ठरलेल्या नियमांनुसार बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, ते सांगणारा आकडा) 40 किंवा जास्त असेल, अथवा 35 किंवा जास्त असून सोबत आटोक्यात न येणारा टाइप 2 मधुमेह, झोपेत श्वास अडकण्याचा गंभीर त्रास, हृदयविकार असं काही असेल, आणि सौम्य उपायांनी वजन उतरलेलं नसेल, तर वजनासाठीची शस्त्रक्रिया वगळता येत नाही. उंची 160 सेंटीमीटर असेल तर 90 किलोला बीएमआय 35 होतो, 103 किलोला 40. पॉलिसीचा वेटिंग पिरियड (सुरुवातीचा काळ, ज्यात असा क्लेम मिळत नाही) संपला आहे का ते मात्र आधी बघा.

खासगी रुग्णालयात पुण्या-मुंबईत ही शस्त्रक्रिया साधारण अडीच ते पाच लाखांत होते. वेगोव्हीच्या 2.4 मिग्रॅची दोन वर्षं म्हणजे नोव्हेंबर 2025 च्या दराने जवळपास 3 लाख 94 हजार, तेही औषध पुढे चालूच. शस्त्रक्रियेने साधारण एकूण वजनाच्या पाव हिस्सा उतरतो आणि बऱ्याच जणांचं बरंचसं उतरलेलं वजन टिकतं. बदल्यात भूल, टाके, जोखीम, आयुष्यभर बी-12, लोह, कॅल्शियम, आणि पोटाच्या नव्या आकाराशी जुळवून घेणं. ऐकूनच अनेकांच्या पोटात गोळा येतो, ते समजण्यासारखं आहे. पण "ऑपरेशन नको, इंजेक्शन घेतो" हा निर्णय भीतीपोटी घेऊन तीन वर्षांत चार-पाच लाख घालवलेल्यांपेक्षा आधी औषध देणारे आणि शस्त्रक्रिया करणारे अशा दोन्ही डॉक्टरांना भेटलेले लोक बरे ठरतात. आहारतज्ज्ञांकडच्या, औषधांच्या, वजनाच्या नोंदींचे सगळे कागद जपून ठेवा. "सौम्य उपाय करून पाहिले" हे दाखवायला क्लेमच्या वेळी तेच लागतात.

किमतीत न लिहिलेला खर्च

सेमाग्लुटाइड थांबवल्यावर एका वर्षात उतरलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश परत आलं, असं वेगोव्हीच्या मुख्य चाचणीच्या पुढच्या पाहणीत दिसलं. यात माणसाचा दोष नाही, शरीर असंच वागतं. म्हणूनच दोन वर्षांचा हिशेब मांडायला सांगितलं. सहा महिन्यांचेच पैसे असतील तर ते एका झटक्यात महागड्या पेनवर घालण्याआधी "सहा महिन्यांनंतर काय?" हे डॉक्टरांशी बोलून ठरवा: डोस उतरवत न्यायचा, स्वस्त ब्रँडवर जायचं, की थांबून गोळ्यांवर राहायचं.

तपासण्या आणि डॉक्टरांची फी धरा. मळमळ, बद्धकोष्ठता यांची औषधं धरा. पोटात जोराचं दुखलं तर सोनोग्राफी करावी लागेल, कारण भराभर वजन उतरताना पित्ताशयात खडे होऊ शकतात. भूक मेली की आपल्याकडे आधी डाळ सुटते आणि चहा-बिस्किट राहतं. मग चरबीसोबत स्नायूही झडतात. अंडी, पनीर, मोड आलेले मूग, सोयाबीन यांवरचा महिन्याचा खर्च औषधाइतकाच आवश्यक समजा. इन्सुलिन किंवा शुगर उतरवणाऱ्या काही गोळ्या सोबत चालू असतील तर चतुर्थी-एकादशीचा उपवास डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका, शुगर एकदम खाली जाऊ शकते.

न उघडलेलं माउंजारो 30 अंशांपर्यंत 21 दिवस फ्रिजबाहेर टिकतं, पुढे नाही. अकोला, चंद्रपूर, जळगावच्या मे महिन्यात घरातलं तापमानच तीस अंशांच्या वर असतं. लोडशेडिंग असेल तिथे एका वेळी एकच महिन्याचं औषध आणा आणि शक्यतो कुरिअरऐवजी दुकानातून, थंड पिशवीतून.

आई-वडील साठीच्या पुढचे असतील आणि त्यांचा आरोग्य विमा नसेल, तर जुन्या करपद्धतीत त्यांच्या औषधोपचारावर केलेल्या खर्चाची वर्षाला 50,000 रुपयांपर्यंत वजावट मिळते. पैसे रोखीने दिलेले नसावेत. त्यामुळे मेडिकलवाल्याला यूपीआयने पैसे द्या, बिलावर रुग्णाचं नाव घाला आणि डॉक्टरांची चिठ्ठी त्याला टाचून ठेवा.