ट्रकवरचं जेवण की डिकीतलं?

हिंजवडीत नोकरी लागली की दोन प्रश्न पहिल्याच आठवड्यात छळायला लागतात: घरून किती वाजता निघालं म्हणजे वाकडच्या पुलावर अडकणार नाही, आणि दुपारी जेवायचं काय? पहिल्याला उत्तर नाही. दुसऱ्याबद्दल मी नऊ वर्षं पोट खर्ची घातलंय, म्हणून थोडं बोलते.

निमित्त झालं आमच्या टीममध्ये नव्यानं आलेल्या नागपूरच्या मुलीचं. तिनं विचारलं, "ताई, कँटीनचा पास काढू की बाहेर खाऊ?" कँटीनचं पनीर सोमवारी बटर मसाला असतं, मंगळवारी कढाई आणि बुधवारी हंडी. तिन्ही दिवस ग्रेव्ही एकच असते. तेव्हा तो विषय मिटला. बाहेर मात्र दोन जाती आहेत आणि लोक दोन्हींना सरसकट 'गाडीवर खाल्लं' म्हणतात.

पहिली जात म्हणजे रीतसर फूड ट्रक. टाटा एस, म्हणजे २००५ साली आलेला आपला छोटा हत्ती, किंवा जुना टेम्पो घ्यायचा, मागे पत्र्याची पेटी बांधायची, एका बाजूची खिडकी वर उचलता येईल अशी करायची. पिवळे दिवे, फळ्यावर रंगीत खडूनं लिहिलेला मेनू, शेजारी धडधडणारा जनरेटर. रोल, मोमो, शेजवान राईस, पास्ता. दुसरी जात म्हणजे डिकी. साधी व्हॅन किंवा हॅचबॅक, मागचं दार वर केलेलं, आत चार-पाच मोठे कॅसरोल, वरणाचं स्टीलचं पिंप, लोणच्याची बरणी. नवरा यूपीआयचा आवाज ऐकत उभा, बायको वाढतेय. मेनू विचारायचा नसतो. जे आहे ते आहे.

गंमत अशी की नावात ट्रक असलेली गाडी जागची हलत नाही. लॉस एंजेलिसमध्ये २००८ साली कोगी नावाच्या ट्रकनं कोरियन मांसाचे टाको विकत गावभर फिरायचं आणि आज कुठे उभे आहोत ते ट्विटरवर सांगायचं, असा पायंडा पाडला. आमच्या आयटी पार्कातल्या फेज टूच्या कोपऱ्यावरच्या ट्रकच्या मागच्या चाकाखाली विटा आहेत आणि टायरला गवत लागलंय. तो ट्रक म्हणजे चाकं असलेली टपरी. उलट डिकीवाले खरोखर फिरते: साडेबाराला येतात, सव्वादोनला दार लावून घरी. माझ्या मते निवडीचं सगळं गणित याच फरकात आहे. जी गाडी रोज घरी जाते तिला पातेली रिकामी करूनच जावं लागतं. जी उभीच असते तिच्याकडे फ्रीज असतो, आणि त्या फ्रीजमध्ये कालचा दिवसही असू शकतो.

आधी वेळ बघू. ट्रकवर ऑर्डर दिल्यावर बनवतात. ऐकायला छान वाटतं, पण एक वाजता गेलात तर हातात ४७ नंबरचं टोकन आणि आतून आवाज "एकतीस!" पंचवीस मिनिटं उन्हात उभं राहून पाच मिनिटांत रोल गिळायचा आणि दीडच्या कॉलला धापा टाकत बसायचं. डिकीवर रांग दिसते लांब, पण ती सरकते, कारण करायचं काहीच नसतं, फक्त वाढायचं असतं. सहा-सात मिनिटांत ताट हातात.

पैसे. आमच्याकडे डिकीतलं जेवण ८० रुपयांना आहे: तीन पोळ्या, एक उसळ, एक सुकी भाजी, वरण-भात. जास्तीची पोळी १० रुपये. ट्रकवरचा चिकन रोल १४०, पण तेवढ्यानं भागत नाही, मग ८० चे फ्राईज येतात. महिन्याचे बावीस दिवस धरले तर एकीकडे १,७६० आणि दुसरीकडे ४,८४०. फरकात पीएमपी बसचा मासिक पास निघून वर पैसे उरतात.

चवीत मात्र ट्रक जिंकतो, उगाच खोटं कशाला बोला. तापल्या तव्यावर पराठा पडतो, त्यावर अंडं फुटतं, उलथन्यानं पसरतं, पराठा उलटला की कडा चर्र करत कुरकुरीत होतात, मग कांदा, लिंबू, चाट मसाला. शुक्रवारी हे हवंच. डिकीतली पोळी दीड वाजेपर्यंत कॅसरोलात घामेजते, तळातल्या दोन तर ओल्या रुमालासारख्या हाताला लागतात. फ्लॉवर-बटाटा आठवड्यातून दोनदा ठरलेला. मीठ बेताचं, तिखट त्याहून बेताचं. पण बुधवारचं पिठलं-भाकरी! त्या दिवशी रांग रस्त्यापर्यंत येते आणि पावणेएकनंतर गेलेल्याला फक्त ठेचा मिळतो.

चतुर्थीला डिकीत साबुदाण्याची खिचडी असते, सोबत दाण्याची आमटी. ट्रकवाल्याला चतुर्थी कळते ती फक्त गिऱ्हाईक कमी झाल्यावर. श्रावणात तो पनीर रोलवर पाच रुपये वाढवतो, असा माझा संशय आहे.

आता स्वच्छता. इथे जरा थांबते, कारण तीन वर्षांपूर्वी एका ट्रकवरच्या मोमोंनी मला चार दिवस घरी बसवलं होतं. मोमो गरमागरम होते, वाफेतून थेट आलेले. दगा दिला तो सोबतच्या पांढऱ्या चटणीनं, असं डॉक्टरांचं मत पडलं. ती सकाळपासून उघड्या डब्यात, उन्हाच्या बाजूला होती. अशी पांढरी चटणी म्हणजे बहुतेकदा मेयोनेज, आणि ते कच्च्या अंड्याचं असेल तर साल्मोनेला नावाच्या जंतूची भीती असते. तेलंगणानं ऑक्टोबर २०२४ मध्ये आणि तमिळनाडूनं एप्रिल २०२५ मध्ये त्यावर वर्षभराची बंदी घातली ती उगाच नव्हे. बाजारात अंड्याशिवायचं पाकीटबंद मेयोनेजही भरपूर मिळतं, पण समोरच्या डब्यात कुठलं आहे ते विचारायला लाजू नका.

दुसरा चोर म्हणजे भात. फ्राईड राईस मोकळा व्हावा म्हणून भात आधी शिजवून गार करतात. तो फ्रीजमध्ये गार झाला तर ठीक. परातीत पसरून तासन् तास बाहेर राहिला तर बॅसिलस सेरियस नावाचा जंतू त्यात वाढतो. त्याचे बीजाणू भात शिजवूनही मरत नाहीत आणि उलट्या करणारं त्याचं विष पुन्हा परतल्यावरही टिकतं. म्हणजे "मोठ्या आचेवर परतलाय ना, मग काय" हा युक्तिवाद इथे लागू पडत नाही. डिकीवाल्यांच्या भाताला हे भय कमी, कारण तो सकाळी अकराला शिजतो आणि दोनला संपतो. पण तिथेही अन्न ६० अंशांच्या वर गरम राहायला हवं. झाकण काढल्यावर वरणातून वाफ आली नाही तर मी सरळ पोळी-भाजीवर भागवते.

बघण्यासारख्या खुणा तशा सोप्या आहेत. ट्रकवर एफएसएसएआयचा, म्हणजे अन्न विकण्याच्या परवान्याचा, चौदा आकडी नंबर लावलेला आहे का? सिलिंडर निळा, १९ किलोचा व्यावसायिक आहे की घरगुती लाल, १४.२ किलोचा? लाल असेल तर त्यानं पोट बिघडत नाही, पण जो माणूस गॅसमध्ये नियम वाकवतो तो तेलातही वाकवत असेल, असं मला आपलं वाटतं. पैसे घेणारा हात आणि कांदा टाकणारा हात एकच आहे का? हात धुवायला वीस लिटरचा जार आहे, की त्याच बादलीत प्लेटा बुचकळतात? डिकीवाल्यांकडे ताटं धुण्याचा प्रश्न उद्भवत नाही, कारण बहुतेकांकडे कागदी प्लेट असते किंवा आपला डबा पुढे करायचा. नोंदणी मात्र त्यांनाही लागते, आणि नंबर विचारला की "घरी लावलाय" हे उत्तर मी दोनदा ऐकलंय.

पावसात पारडं फिरतं. ट्रकला ताडपत्रीचा मांडव असतो. डिकीचं उघडं दार हेच डिकीचं छप्पर, त्याखाली फार तर चार डोकी. २०२५ च्या जूनमध्ये हिंजवडीचे रस्ते नदीसारखे वाहिले, त्या दिवशी डिकी आलीच नाही. अतिक्रमणवाल्यांची गाडी दिसली तरी तसंच. फेरीवाल्यांसाठी २०१४ चा कायदा आहे, त्यात विक्रीच्या जागा ठरवायच्या, प्रमाणपत्रं द्यायची असं सगळं आहे, पण डिकीवाल्या काकांचा भरवसा कायद्यापेक्षा व्हॉट्सॲपवर जास्त. "आज पेट्रोल पंपाच्या मागे" एवढा निरोप ग्रुपवर पडतो आणि चाळीस माणसं लॅपटॉप लॉक करून तिकडे वळतात. ज्याला रोज एकाच जागी, एकाच वेळी जेवण हवंय, त्याला हा पाठशिवणीचा खेळ झेपणार नाही.

म्हणून त्या मुलीला मी सांगितलं ते असं. सोमवार ते गुरुवार डिकी, आणि पावणेएकच्या आत. घरून डबा आणि चमचा आणायचा. शुक्रवारी ट्रक, पण बारा वीसला, पहिल्या दहा टोकनांत; रोल घ्यायचा, राईस नाही, आणि पांढरी चटणी नको म्हणून आधीच सांगायचं. मांसाहार रोज लागत असेल तर डिकीच्या नादी लागू नकोस, तिथे बुधवारची अंडाकरी हीच चैन, तीही पिठलं नसेल तर. आणि दुपारी तीनला क्लायंटसमोर बोलायचं असेल त्या दिवशी फ्राईजना हात लावायचा नाही. डोळे उघडे ठेवण्यात अर्धी मीटिंग जाते.

तिनं पहिल्या दिवशी डिकीतली मटकीची उसळ खाल्ली आणि ताटातून मान वर करून म्हणाली, "ताई, यात तिखट कुठाय?" सावजी रश्श्यावर वाढलेल्या माणसाला मी काय सांगणार? आता तिच्या ड्रॉवरमध्ये ठेच्याची बाटली असते. परवा डिकीवाल्या मावशींनी त्यातला चमचाभर वाटीत मागून घेतला, चाखला, आणि नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, जरा पाणी द्या."