दोन सोनेरी हरणं: मारीच आणि रुरू

सदाशिव पेठेत वाढलेल्या आम्हां पोरांना सोनेरी हरीण म्हणजे मारीचच. कीर्तनकार बुवा रंगवून सांगायचे, सीतेला त्याच्या कातड्याची चोळी हवी होती. वाल्मीकींकडे चोळी नाही. जिवंत मिळालं तर पाळू, नाही तर कातडं बसायला होईल, असं ती म्हणते. चोळी बहुधा लोककथेतून आली असावी, आणि खरं सांगायचं तर मला तीच जास्त आवडते.

पुढे अजिंठ्याला गेलो आणि १७ क्रमांकाच्या लेण्यातल्या चित्रात दुसरं हरीण भेटलं, जातककथेतला (बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या गोष्टींमधला) रुरू. इथेही राणीच हटून बसते, तिला सोनेरी हरीण स्वप्नात दिसतं. पण रुरू कुणाला फसवत नाही. बुडत्या माणसाला तो नदीतून वर काढतो, तोच माणूस बक्षिसापायी राजाला त्याचा ठावठिकाणा सांगतो. चिडून राजा त्या कृतघ्नावर बाण रोखतो, तर रुरूच त्याच्यासाठी रदबदली करतो!

दोघांचा रंग तोच. मारीचाचं सोनं वरवरचं, आत राक्षस. बाण लागल्यावर तो रामाच्या आवाजात ‘हा सीते, हा लक्ष्मणा’ ओरडतो. रुरूही माणसाच्या वाणीनेच बोलतो, पण त्याच्या आत बोधिसत्त्व, म्हणजे पुढे बुद्ध होणारा जीव.

मराठीत मात्र मारीचच जिंकला. ‘कांचनमृगामागे धावणं’ आपण रोज म्हणतो, फ्लॅटच्या जाहिराती बघताना तर हमखास. रुरूवरून एखादी म्हण? मला तरी आठवत नाही.