सौर पंपावर एक रब्बी आणि एक उन्हाळा

जळगाव जिल्ह्यात पारोळा तालुक्यात आमची चार एकर. विहीर आहे, पण विजेचं कनेक्शन नव्हतं. डिमांड भरून वर्षानुवर्षं ‘पेड पेंडिंग’ (पैसे भरले, जोडणी बाकी) यादीत पडून होतो आणि पाणी डिझेल इंजिनावर काढत होतो. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेतून पाच एचपीचा पंप मागच्या पावसाळ्याच्या शेवटी बसला. रब्बी झाली, उन्हाळाही सरला, आता बोलायला हरकत नाही.

पैशांचं आधी. अडीच एकरांपर्यंत तीन एचपी, पाचपर्यंत पाच, त्यापुढे साडेसात. आपला हिस्सा 10 टक्के, अनुसूचित जाती-जमातींना 5. पाच एचपीचं इंजिन ताशी लिटरभर डिझेल पितं आणि लिटर नव्वदीच्या घरात. हरभरा आणि दादर (रब्बी ज्वारी) या रब्बीत जवळपास डिझेलशिवाय निघाली. शिवाय इंजिन पाणी ओढतं ते जेमतेम सात-आठ मीटर खालून. पातळी उतरली की ते धूड विहिरीतल्या टप्प्यावर उतरवा, हँडल मारा, धूर खा. पाणबुडी पंपाला ही कटकट नाही.

थंडीत नऊच्या सुमारास धार धरते, चारनंतर मरगळते. ठिबकला तेवढं पुरतं. उन्हाळ्यात मात्र माझा अंदाज साफ उलटा निघाला. खान्देशचं ऊन म्हणजे पाणीच पाणी, असं वाटलं होतं. पण पॅनलची क्षमता 25 अंशांना मोजलेली असते आणि पुढे दर अंशाला ती 0.4 टक्क्याच्या आसपास घटते. मेच्या दुपारी काच 65 अंशांवर गेली की पंधरा-सोळा टक्के वीज तिथेच गेली. वर विहिरीची पातळीही खाली गेलेली. माझ्याकडे सगळ्यात जोरात पाणी फेब्रुवारी-मार्चमध्ये आलं. वावटळीची धूळ वेगळीच. पॅनल पहाटे धुवावेत. तापल्या काचेवर गार पाणी मारलं तर ती तडकायची भीती.

हरभरा फुलावर असताना पॅनलच्या विजेवर पंप चालवणारा कंट्रोलर बंद पडला. पाच वर्षांची हमी आहे, पण तक्रार नोंदवणं सोपं, माणूस बांधावर येणं अवघड. फोनवर सगळे गोड बोलतात. तेवढं पाणी जुन्या इंजिनाने दिलं. म्हणून इंजिन विकलं नाही, आणि इतक्यात विकणारही नाही. श्रावणात पाऊस दडी मारतो पण आभाळ भरलेलंच राहतं, तेव्हाही तेच कामाला येईल.

गावात या पंपावरून वाद रंगतात. पुतण्या म्हणतो, ट्रॅक्टरही विजेवर येतील, डिझेल गेलंच समजा. दुसरा एक भाऊबंद मक्यावर खूश: “इथेनॉलवाले मका उचलतात भो, तेलाचा प्रश्न आपणच सोडवू.” मक्याला गिऱ्हाईक वाढलं हे खरं. पण ते 20 टक्के इथेनॉल पेट्रोलमध्ये जातं. माझ्या ट्रॅक्टरच्या डिझेलचा त्यातून थेंबही वाचत नाही. डिझेल शेतातच पिकवायची भाषा वीस वर्षांपूर्वी मोगली एरंडाच्या (जट्रोफाच्या) वेळी झाली होती. 2009 च्या जैवइंधन धोरणात 2017 पर्यंत डिझेलमध्ये 20 टक्के जैवडिझेल मिसळायचं उद्दिष्टही होतं. एरंड बांधावर राहिला, तेल टाकीत आलं नाही.

माझं मत एवढंच: पाणी उपसणं हे एका जागचं काम आहे आणि ऊन येईपर्यंत ते थांबू शकतं. तिथून डिझेल आजच हटवता येतं. नांगरटीचं तसं नाही. पाऊस पडून वाफसा आला, म्हणजे माती नांगरण्याजोगी झाली, की ट्रॅक्टर त्याच दिवशी हवा, मग आभाळ असो की अंधार. सगळ्याला एकच इंधन शोधणाऱ्यांशी म्हणूनच माझं पटत नाही.

एक खरी खंत आहे. रब्बी निघाल्यावर उन्हाळ्यात लिंबाची थोडी झाडं आणि चाऱ्याचा मका एवढंच ओलीत. बाकी वेळ 4,800 वॉटचे पॅनल नुसते तापत बसतात. याच पॅनलवर कडबाकुट्टी किंवा पिठाची गिरणी चालवणारे युनिव्हर्सल कंट्रोलर निघाले आहेत. माझ्या संचात तो नाही. अर्ज करणाऱ्याने पुरवठादाराला हे आधीच विचारावं. आणि पाण्याची खोली खरी सांगावी. रावेर-यावलकडे बोअर इतके खोल गेलेत की तिथे माझ्यासारखा पंप लावून उपयोग नाही.